न मोजलेली जागा

शीतगृहात अमोनियाचा नळ फुटून वीस मिनिटं झाली होती, तरी व्यवस्थापक डुंबरे निर्धास्त होते. त्यांच्या हातातल्या पडद्यावर उपाहारगृहात एकोणीस हिरवे ठिपके दिसत होते. पाळीला माणसंही एकोणीसच होती.

"सगळे बाहेर आलेत," ते म्हणाले. "मी लगेच दारं लावली, पंखेही थांबवले. वायू गावात जायला नको."

बचाव पथकाचे नाईकरे एकदा दुधानं तोंड पोळल्यापासून ताकही फुंकून पीत. त्यांनी उल्का गुरवला गाठलं. ही स्थानदर्शक प्रणाली तिनंच बसवली होती.

"बाई, यंत्र चुकतं किती?"

"दीड मीटर. फार तर दोन."

"माणूस कुठंय, हे त्याला कळतं कसं?"

"खरं तर कळत नाही," उल्का म्हणाली. "आम्ही आधी जागोजागी उभं राहून वायफायच्या लहरी किती जोरानं पोचतात ते नोंदवतो. तो त्या जागेचा लहरठसा. कामगाराच्या गळ्यातल्या बिल्ल्याला मिळणाऱ्या लहरी ज्या ठशाशी सर्वांत जास्त जुळतील, ती जागा पडद्यावर येते."

"आणि जिचा ठसाच घेतला नाही, ती?"

"ती कधीच येत नाही. जवळची दुसरी येते." बोलता बोलता उल्काची नजर उपाहारगृहाकडे वळली.

उपाहारगृहाच्या भिंतीपलीकडे, यंत्रघरातून दाबलेल्या अमोनियाचा गरम नळ येतो तिथं, एक अरुंद बोळ होता. थंडगार खोल्यांत बटाट्याची पोती हलवून बोटं बधिर झाली, की कामगार चोरून तिथं शेकायला बसत. मालकाची त्याला सक्त मनाई होती. मोजणीच्या दिवशी हैबती काळेनं तिला हात जोडले होते. "ताई, येवढा कोपरा नका घेऊ यंत्रात. आमची ऊब जाईल." तिनं घेतला नाही, आणि वर स्वतःवर खूश झाली. पुढं चाचणीही मोजलेल्या जागांवरच झाली. शंभरात अठ्ठ्याण्णव नोंदी बरोबर आल्या, म्हणून डुंबऱ्यांनी पेढे वाटले.

ती उपाहारगृहाकडे धावली, मागोमाग नाईकरे आणि डुंबरेही. तिनं डोकी मोजली. सतरा भरली.

"हैबती कुठाय?"

"शेवंताची बोटं आखडली व्हती," एक म्हातारी म्हणाली. "नवरा-बायको दोघं संगंच गेली..." डुंबऱ्यांवर नजर पडताच ती गप्प झाली. या घडीलाही तिला तो कोपराच वाचवायचा होता.

"नळाच्या बोळात आहेत," उल्का म्हणाली. "मला ठाऊक होतं. मीच लपवलं."

"अहो, पण पडद्यावर तर इथंच आहेत," डुंबरे म्हणाले.

"भिंत वायू अडवते, साहेब. लहरी नाही अडवत."

नाईकऱ्यांची माणसं प्राणवायूचे मुखवटे चढवून आत गेली. नळ त्या बोळातच फुटला होता, आणि पंखे बंद असल्यानं वायूला बाहेर पडायला वाट नव्हती. दोघांना आणून उपाहारगृहाच्या फरशीवर निजवलं. म्हातारीनं हैबतीचे डोळे मिटले, शेवंताच्या तोंडावर पदर ओढला. उल्काला रडू आवरेना.

डुंबऱ्यांनी पडदा तिच्यापुढं धरला. दोन्ही ठिपके जागचे हलले नव्हते. आता ते अगदी अचूक होते.