तळसवाडीची पावली

तळसवाडीत रोज दिवेलागणीला सगळं गाव देवळाच्या सभामंडपात जमे आणि कीर्तनाच्या ठेक्यावर पाय आपटी. हजेरी सक्तीची होती. देवासाठी नव्हे, भिंतींसाठी.

सगळी वाडी एकाच जोत्यावर, 'सरावी काँक्रीट'ची बांधलेली. या काँक्रीटमध्ये केसाहून बारीक तंतू असत, आणि जिथं हादरा बसे तिथं ते वाढत, जाड होत. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची हाडं जशी ठिसूळ होतात, तशी ही भिंतही चाळीस दिवस हलली नाही की कच्ची पडे. रोज थोडी हलली, तर मोठ्या भूकंपातही उभी राही. मागल्या धरणीकंपात वाडीतलं एक कौलसुद्धा निसटलं नव्हतं.

हे काँक्रीट प्रा. वैजयंती तगारे यांचं. चौतीस वर्षं त्यांनी विद्यापीठात भूकंपात टिकणारी घरं शिकवली. कीर्तनाचं वेड लहानपणापासूनचं. टाळमृदंगावर सगळ्यांनी एकदम टाकलेली पावली हा भिंतीला सगळ्यात मानवणारा हादरा, असं त्यांनी अहवालात लिहिलं, आणि गावोगाव कीर्तनाचा हुकूम निघाला.

वर्षाच्या तपासणीला त्या आल्या, तेव्हा वाडीचे कीर्तनकार केशवबुवा निंबाळ्यांनी त्यांना ओसरीवर बसवून चहा दिला.

"ताई, उद्यापासून मी कीर्तनाला उभा राहत नाही."

"घसा बसलाय?"

"घसा ठणठणीत आहे. समोर माणसं नाहीत."

"यादीत रोज तीनशे माणूस आहे, बुवा."

"सहाशे पाय आहेत म्हणा. डोळे सगळ्यांचे त्या खांबावरच्या काट्यावर, भिंत किती पक्की झाली ते बघायला. काल मी द्रौपदीला हाक मारायला लावली आणि कृष्णाला आणायचंच विसरलो. तशीच सोडली बाईला भर सभेत. एकानं विचारलं नाही, बुवा, पुढं काय झालं."

वैजयंतीबाईंना हसू आलं आणि लगेच विरलं. "तुम्ही थांबलात तर चाळीस दिवसांनी..."

"ठाऊक आहे. माझ्या जिभेवर तीनशे जीव टांगलेत. पण जिभेवरचं देवाचं नाव कुठं गेलं, ते मला कळेना."

बाईंनी कप खाली ठेवला.

"बुवा, पावलीच हवी असं नाही. साधं आदळणारं यंत्र ठेवलं तरी भिंतीला तेवढंच पुरतं. तसं दाखवणारा आकड्यांचा तक्ता मी अहवालातून काढून टाकला होता."

"का?"

"वाटलं, आधी भिंतीसाठी येतील, मग देवासाठी राहतील."

बुवांनी चहा बशीत ओतला. "म्हणजे देवाला मुकादम केलंत."

"हो."

"आणि विद्यापीठात पोरांना काय शिकवत होतात?"

"आकडे लपवू नयेत, हेच."

संध्याकाळी तपासणीसाठी आणलेलं हादरे देणारं यंत्र गाडीतून काढून मंडपाच्या कोपऱ्यात ठेवलं. धप, धप, धप. काटा हिरव्यात स्थिर झाला. वैजयंतीबाईंनी उभं राहून गावाला सगळं सांगितलं, तक्त्याचंही. "आता पाय आपटायची गरज नाही. जायचं त्यानं जावं."

कुणी उठलं नाही. बाईंना वाटलं, शेवटी माणसं राहिली होती.

बुवांनी कालची द्रौपदी जिथं सोडली होती तिथून उचलली. लय संथ केली. मृदंगही संथ झाला. पाय मात्र झाले नाहीत. ते यंत्राबरोबर पडत होते, धप, धप. बुवांनी हात वर केला. मृदंग थांबला, टाळ थांबले. तीनशे चेहरे शांत, डोळे काट्यावर, पाय चालूच.

"पुढं काय झालं, विचारा की कुणीतरी," बुवा हळूच म्हणाले. ते वैजयंतीबाईंकडे बघत होते.

आपण विचारावं म्हणून बाईंनी तोंड उघडलं. तेवढ्यात जाणवलं, आपलीही उजवी टाच उचलतेय, पडतेय. कशासाठी, ते त्यांना सांगता येईना. त्यांनी ती थांबवली, आणि भिंत कच्ची पडेल की काय, असं वाटलं.  प्रश्न विचारायच्या आधी त्यांनी खांबावरचा काटा बघितला.