मागची घंटी

झड लागली होती. झड म्हणजे काय, हे शहरातल्या छत्रीवाल्या माणसाला सांगून कळायचं नाही. तिकडं पाऊस येतो, दाणदाण पडतो आणि निघून जातो. आमच्याकडची झड पाहुणी म्हणून येते आणि जायचं नावच काढत नाही. सकाळी डोळे उघडावेत तर बाहेर रिपरिप, भाकरी मोडायला बसावं तर रिपरिप, अंथरुणावर पडावं तर पत्र्यावर तीच. चूल नुसती धुमसते, धोतर वाळत नाही, भिंतीला हात टेकला तर पोपडा हातात येतो. बहात्तरच्या दुष्काळात ज्या लोकांनी पाऊस पाड म्हणून महादेवाची पिंड पाण्यात कोंडली होती, तेच आता तिच्यापुढं हात जोडून म्हणत होते, बस कर रे बाबा, आता अंगावर बुरशी यायची राहिली.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. बोरवंडीहून अहमदपूरला रोज सायकलवर कामाला जाणारे तिघं होते. मलप्पा मोंढ्यातल्या एका आडतीवर मापारी. त्याचा धाकटा भाऊ गुरुपादप्पा, त्याला सगळे गुरूच म्हणायचे, तो तिथंच पोत्यांची तोंडं शिवायचा. तिसरा लिंबाजी, शिंप्याच्या दुकानात मशीनवर बसायचा, आणि मशीन थांबली तरी त्याचं तोंड थांबायचं नाही.

अहमदपूरहून फाट्यापर्यंत डांबर होतं. फाट्यापासून गावापर्यंत काळ्या रानातला रस्ता. दुष्काळी कामावर बायाबापड्यांनी उन्हात खडी फोडून तो केला, पण वर डांबर काही आलं नाही आणि काळ्या मातीनं खडी गिळून टाकली. झडीत त्या रस्त्यावर सायकल चालत नाही. जरा पुढं गेलं की चिखल मडगार्डात ठासतो आणि चाक जागच्या जागी धरतो. मग काटकीनं उकरायचं, पुन्हा ढकलायचं, पुन्हा उकरायचं, आणि शेवटी वैतागून ती खांद्यावर घ्यायची. जिच्यावर माणसानं बसायचं, तीच माणसावर बसते.

त्यासाठी तिघांनी एक रीत लावून घेतली होती. सगळ्यात दणकट तो पुढं, सगळ्यात थकलेला तो शेवटी. पुढच्याच्या चाकाला चिखल चिकटून निघून जातो, मागच्याला चाकोरी त्यातल्या त्यात मोकळी मिळते. डोक्यावर पोत्याची खोळ असते, मान वळवली की पाण्याची धार सरळ पाठीत जाते, म्हणून मागं वळून कुणी बघायचं नाही. थोड्या थोड्या वेळानं पुढच्यानं घंटी द्यायची, मधल्यानं उत्तर द्यायचं, मग शेवटच्यानं. दोन घंट्या परत आल्या की सगळे आहेत. बोलायचं कामच नाही, आणि बोलायला अंगात दमही नसायचा.

गुरू तापातून उठला होता. चांगला अंथरुणाला खिळला होता, मरता मरता वाचला असं म्हटलं तरी चालेल. त्या दिवशी सकाळी तो पहिल्यांदाच कामावर निघाला, तेव्हा त्यांची आई बसम्मा उंबऱ्यात आडवी उभी राहिली होती.

"मलप्पा, पोरगं अजून कच्चं हाय. जाऊ दे म्हणून राहिले, पन जसं न्हेलास तसं घेऊन ये. मला दुसरं काई नगं."

"आणतो, अव्वा. पाठीवर घेऊन आणतो, मग तर झालं?" मलप्पा म्हणाला होता.

परत येताना फाट्यावर त्यांनी सरजाबाईच्या खोपटात चहा घेतला. दिवस मावळायला अवकाश होता, पण आभाळ इतकं खाली आलं होतं की सरजाबाईनं चिमणी लावली होती. ओल्या गोणपाटाचा आणि रॉकेलचा वास कोंडला होता. गुरू भिंतीला टेकून बसला. हातातला चहा तसाच निवत चालला होता. मलप्पानं ते पाहिलं आणि त्याला चुलीकडं सरकवलं.

"जिल्हा नवा झाला म्हणं," लिंबाजी पायांचा चिखल खरवडत म्हणाला. "चिखल मात्र जुनाच ठिवला की सरकारनं."

"रस्त्याला नावं ठिवू नगंस," सरजाबाई म्हणाली. "ह्या हातानं खडी फोडलीय म्या. तुझी आईबी हुती, मलप्पा, माझ्या शेजारी. सांगितलं न्हाई व्हय तिनं कधी?"

मलप्पानं मान हलवली. आई दुष्काळाचं कधी काही बोलायची नाही.

"कशी सांगंल," सरजाबाई म्हणाली. मग चिमणीची वात उगीच खालीवर करत राहिली. "आमाला पाणी आणायला शेषेराव म्हणून पाणक्या हुता. सायकलीला दोन डबे बांधून यायचा, लांबून घंटी द्यायचा, आमा सगळ्यांना मावशी म्हणायचा. घंटी आली की आमी हातोडे टाकायचो. एक दिस दुपार टळली तरी त्याचा पत्ता न्हाई. जीभ टाळूला चिकटून राहिली. मंग काय, त्याच्या आईबापाचा उद्धार केला आमी सगळ्यांनी. तुझ्या आईचं तोंड तर सगळ्यात तिखट. म्हणली, मेला असंल तर बरं."

"मंग?" गुरूनं विचारलं. त्याचा आवाज अगदी बारीक आला.

"मेलाच हुता. त्या बाभळीच्या वळणाला. ऊन लागलं. डबे काठोकाठ भरलेले, झाकणसुदा उघडलं न्हवतं. आमच्या वाट्याचं पाणी त्यानं तोंडाला लावलं न्हाई, बाबा..." ती थांबली. "म्हणून सांगून राहिले, त्या वळणाला घंटी देऊ नगा. त्याला वाटतं बाया बोलवून राहिल्या."

लिंबाजीनंसुद्धा चिखल खरवडायचं थांबवलं. मग मलप्पाच उठला. "मावशे, घंटी न्हाई दिली तर मागं पोरगं हाय का न्हाई, मला कसं कळंल?"

"मंग ऱ्हाऊ दे की त्याला इथंच आजच्या दिस. चुलीपाशी पडंल."

मलप्पाच्या मनात आलं, ठेवावं. पण उंबऱ्यातली आई डोळ्यांपुढं आली. ती अंधार पडेस्तोवर वाट बघेल आणि मग झडीत वाटेला लागेल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. "न्हाई," तो म्हणाला, "घरला न्हेतो." आणि तिघं निघाले. पुढं मलप्पा, मधे लिंबाजी, शेवटी गुरू.

डांबर सुटलं आणि चिखलानं पाय धरले. मलप्पानं सायकल खांद्यावर घेतली. पाऊल टाकायचं, रुतलेलं उपसायचं, दुसरं टाकायचं. दोन्ही बाजूला ज्वारी पिवळी पडून पाण्यात उभी होती, आणि कुजल्या उडदाचा आंबूस वास येत होता. माणूस नाही, गुरं-ढोरं नाहीत. आवाज एकच, खोळीवर पडणाऱ्या पावसाचा, आणि तोही इतके दिवस ऐकून ऐकून कानांना नकोसा झालेला. मलप्पाला भीती वाटत नव्हती. भीती वाटायलासुद्धा अंगात जरा ताकद लागते. त्याला फक्त घर हवं होतं, कोरडं घोंगडं हवं होतं, आणि आईच्या समोर गुरूला उभं करायचं होतं.

त्यानं घंटी दिली. पाणी शिरून घंट्यांचे आवाज बसले होते, नुसतं खट्‌ व्हायचं. लिंबाजीचं खट्‌ आलं. जरा वेळानं गुरूचं आलं.

पुढं तो थांबत थांबत घंटी देत गेला, आणि दोन्ही उत्तरं येत गेली. गुरूचं उत्तर मात्र दर वेळी उशिरा येऊ लागलं. एकदा तर इतका वेळ गेला की मलप्पा मान वळवणारच होता, तेवढ्यात ते आलं.

मग बाभळीचं वळण आलं. पावसात बाभळ काळी ठिक्कर दिसत होती. तिच्या बुडाशी दुष्काळातल्या उरल्या खडीचा ढीग तसाच पडलेला. मलप्पाला सरजाबाईचं बोलणं आठवलं. अंगठा घंटीवर थांबला. वळण पार होईस्तोवर द्यायला नको, असं त्याला वाटलं. पण मागं पोरगं होतं. आणि मागं काहीच ऐकू येत नव्हतं.

त्यानं घंटी दिली.

लिंबाजीचं खट्‌ आलं. आणि त्याच्या पाठोपाठ, जराही उशीर न लावता, शेवटची घंटी वाजली. ट्रिंग ट्रिंग. खणखणीत, स्वच्छ. वैशाखात कोरड्या हवेत वाजावी तशी.

मलप्पाला बरं वाटलं. खरं सांगायचं तर त्याला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. पोरात जीव आला, चिखल संपत आला म्हणून हुरूप आला असेल, असं त्याच्या शिणलेल्या डोक्यानं ठरवून टाकलं. भिजलेली घंटी अशी वाजत नाही, एवढी साधी गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही. पुढची सगळी वाट तो घंटी देत गेला, आणि दर वेळी मागून ती खणखणीत घंटी तत्परतेनं उत्तर देत राहिली. इतकंच नाही, ती जवळ जवळ येत गेली, हे त्याला मागाहून आठवलं.

गावाच्या पांदीपाशी त्यानं सायकल खाली ठेवली आणि खोळ काढली. लिंबाजी धापा टाकत येऊन पोचला.

"गुरू कुठाय?" मलप्पानं विचारलं.

"हाय की मागंच. आत्ता तर घंटी..." लिंबाजी वळला.

मागं रस्ता होता, नुसता रस्ता. चिखलात दोघांचे पाय उमटले होते आणि त्यांत पाणी भरत होतं. तिसरे पाय नव्हते.

"आरं, माझ्या कानाला वाजवत हुता रं..." लिंबाजी म्हणाला. "माझ्या कानाला..."

मलप्पानं ऐकलं नाही. तो धावत सुटला होता. काळ्या चिखलात कुणी धावत नाही, पण तो धावला, पडला, उठला, पुन्हा धावला. "गुरू! ए गुरू!" म्हणून तो बोंब मारत होता आणि झड त्याचा आवाज तिथल्या तिथं विझवत होती. लिंबाजी मागून शिवाचं नाव घेत येत होता.

गुरूची सायकल आधी सापडली, बाभळीच्या बरीच पलीकडं, फाट्याच्या बाजूला. आडवी पडली होती. चाकं चिखलात गेली होती आणि घंटीत माती ठासून भरली होती. तो इथंच पडला होता. वळण त्यानं ओलांडलंच नव्हतं. मलप्पा गुडघ्यांवर बसून चिखल चाचपू लागला.

मग लिंबाजीनं त्याचा दंड धरला आणि बोट दाखवलं. वळणावर, खडीच्या ढिगावर, गुरू बसला होता. घरी जाताना आणि आता धावत येताना दोघं त्याच ढिगाला खेटून गेले होते, तेव्हा तिथं कुणी नव्हतं. तो गुडघ्यांवर हात ठेवून, ताठ, शांत बसला होता. अंग तव्यासारखं तापलेलं. वरून पाऊस पडत होता, केसांतून पाणी निथळत होतं, आणि ओठ मात्र उन्हाळ्यात भेगा पडाव्या तसे फुटलेले.

"गुरू, बाळा..." मलप्पानं त्याला मिठीच मारली. "चल घरला. अव्वा वाट बघून राहिली."

गुरूनं त्याच्याकडं बघितलं. "हाव," तो म्हणाला. "लई उशीर झाला."

मलप्पानं आईला दिलेला शब्द खरा केला. त्यानं गुरूला पाठीवर घेतलं. चिखलातून ते ओझं त्याला जडच वाटलं नाही. लिंबाजी मागं चालत होता, पण गुरूच्या तोंडाकडं एकदा बघून त्यानं नजर खाली घातली ती गाव येईस्तोवर वर केली नाही. घरापाशी आल्यावर आत न येता तो तसाच निघून गेला.

बसम्मा कंदील घेऊन दारातच होती. पोराला बघून ती रडायला लागली, मलप्पाला दोन शिव्या हासडल्या, कोरडं धोतर आणलं, घोंगडं आणलं. आणला, म्हणाला तसा घेऊन आला, एवढंच मलप्पाच्या मनात होतं, आणि तो भिंतीला पाठ लावून खाली बसला.

बसम्मानं पाण्याचा तांब्या गुरूच्या हातात दिला. त्यानं तो दोन्ही हातांनी धरला. फुटलेले ओठ हलले, पण त्यानं तांब्या तोंडाला लावला नाही. तो उठला आणि आईसमोर तांब्या धरून उभा राहिला.

"आधी तुमी प्या, मावशी," तो म्हणाला.

बसम्माच्या हातातलं घोंगडं गळून पडलं.

"आरं, मावशी काय म्हणतोस? अव्वा हाय तुझी," मलप्पा म्हणाला. पण बसम्मानं हात वर करून त्याला थांबवलं. तिचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. ती तांब्याकडं बघत होती, त्या फुटलेल्या ओठांकडं बघत होती. मग तिनं तांब्या घेतला आणि घटाघटा, सगळं पाणी, शेवटच्या थेंबापर्यंत प्याली.

"प्याले," ती म्हणाली. "चुकले रं बाबा. चुकले म्या. पाणी प्याले तुझं." तिनं पदरानं तोंड पुसलं आणि अगदी हळू, कुणाला जाग येऊ नये तसं विचारलं, "आता सांग... माझा गुरू कुठं हाय?"

त्यानं दाराकडं बघितलं. बाहेर अंधार पडला होता आणि झड तशीच चालू होती.

"येऊन राहिलाय," तो म्हणाला. "मागून."

मलप्पा दार लावायला उठला होता. तो कडीवर हात ठेवून तसाच उभा राहिला.