गठ्ठ्यातली निळसर बाटली

तो पहिल्यांदा दिसला, तेव्हा मी बांधलेल्या गठ्ठ्यातून बाटली उपसत होता.

"अहो, जरा हळू! तीन वर्षांत आमचा एकही गठ्ठा नापास झालेला नाही."

"म्हणून तर भीती वाटते," तो म्हणाला… आणि हसला. झालं! त्या दिवसापासून माझं कशात लक्ष लागेना.

आमच्या शेडमध्ये देशोदेशीच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटल्या येतात. कितीतरी लेबलांवरची अक्षरंही आम्हाला वाचता येत नाहीत. आम्ही अठराजणी त्या फिरत्या पट्ट्यावर निवडतो, गठ्ठे बांधतो आणि दर मंगळवारी कारखान्याचा हा तपासनीस ते तपासतो. बाटली दुमडायची, घडीवर पांढरी रेघ उमटली की ती दुसऱ्या जातीची. तसली एक जरी भट्टीत गेली तरी सगळा माल पिवळा पडतो.

"तुमचे हात कधी चुकत नाहीत का हो?" तो विचारायचा.

"तुमचे डोळे कामावर असतात का हो?" मी विचारायची. मग दोघंही उगाचच लेबलं वाचत बसायचो.

आणि मागच्या मंगळवारी तो सहज बोलावं तसं बोलला, "बदली झाली. पुढची तपासणी शेवटची."

आठवडाभर मी पायाला भिंगरी लावल्यासारखी फिरले. चहा निवायचा, जेवण उरायचं. नियम मला पाठ होता — ज्यानं गठ्ठा नापास केला, त्यानंच येऊन फेरतपासणी करायची. बदली झाली असली तरी! सोमवारी संध्याकाळी, माझ्याच पट्ट्यावर काम करणाऱ्या मावशीची पाठ वळताच, मी एक निळसर, चुकीची बाटली गठ्ठ्याच्या कोपऱ्यात खुपसली. तो नेहमी तिथूनच सुरुवात करतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मंगळवारी तो आला. चोराच्या मनात चांदणं. माझी नजर त्याच्या बोटांवरून हलेना. त्यानं ती बाटली काढली, दुमडली, क्षणभर थांबला… आणि खिशात टाकली. गठ्ठ्यावर शिक्का मारला. पास!

म्हणजे याला यायचंच नाही!

"ती बाटली दिसली नाही तुम्हाला?"

"दिसली. रेघही दिसली."

"मग नापास का नाही केलं?" मी जवळजवळ ओरडलेच. पलीकडे मावशीचे हात थांबले.

तो हळूच म्हणाला, "तीन वर्षांत जी चूक झाली नाही, ती नेमकी आज, नेमकी माझ्या कोपऱ्यात? नापास केलं असतं तर अठराजणींच्या कामाला डाग लागला असता. आणि मी आलो असतो ते नियमानं." मग त्याची नजर खाली गेली. "मला… तुम्ही बोलावलं म्हणून यायचंय."

मी बोलून टाकलं. "रविवारी या. पट्टा बंद असतो."

"मग काम काय?"

"काहीच नाही. मला तुम्ही आवडता, एवढंच."

"अगं, इतकंच होतं तर मला सांगायचं," मावशी मागून म्हणाली, "आठवडाभर माझं डोकं उठवलंस ते!"

मी त्याच्या खिशातून बाटली काढली आणि तिच्या जातीच्या पिंपात टाकली. रविवारला अजून पाच दिवस होते. ते कसे काढायचे, तेच मला कळेना.