पन्नासावं नाव

कोर्वेंझात नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यानंतर ऊन येत नाही. दक्षिणेचा डोंगर ते अडवतो, ते थेट फेब्रुवारीपर्यंत. गावाखालचा ओढा हीच देशाची सरहद्द; पलीकडे इटली. तिकडच्या चढावर दुपारपर्यंत ऊन असतं आणि इकडची माणसं खिडकीतून ते बघत बसतात.

डेल्फिना एकतीस वर्षं गावच्या कचेरीत कारकून होती. कचेरीत ती एकटीच. वर्षअखेरीला गावची लोकसंख्या वर कळवायचं काम तिचंच. यंदा त्या आकड्यावर सगळं अडलं होतं. पन्नासाच्या खाली आला, तर कोर्वेंझा खालच्या मोठ्या गावात विलीन होणार होतं. पाटी जाणार, कचेरी जाणार, नावही जाणार.

नोंदवहीत बरोबर पन्नास नावं होती. सवयीप्रमाणे तिने प्रत्येक नावापुढे चेहरा आठवला. चेहरे एकोणपन्नासच झाले.

ओतिलिया बोर्नागी. जन्मतारीख नाही, घर नाही. अक्षर मात्र डेल्फिनाचं स्वतःचं, आणि शाई जुनी.

तिने कोट चढवला आणि निघाली.

तार्चिझिओ बोर्नागी अंगणात चेस्टनट निवडत बसला होता.

"काका, ही ओतिलिया तुमच्यातली कोण?"

"आडनाव एक म्हणून लगेच आमच्यातली? ती एर्सिलियाकडे असते." म्हातारा मिश्कील हसला. "एवढी वर्षं नावं लिहितेस, आणि आम्हाला विचारतेस होय? सकाळीच गेली की इथून. तुझी चौकशी करत होती."

"माझी?"

"यंदा मोजायला अजून कशी आली नाही, म्हणाली."

एर्सिलिया चुलीवर मक्याच्या पिठाचा पोलेंटा घोटत होती. तिने मान वर केली नाही. "माझ्याकडे? छे गं बाई, माझ्याकडे मांजर टिकत नाही. गिरणीवर राहते ती. उंच आहे बघ, जरा वाकून चालते."

गिरणीवाल्याने चर्चमागचं घर दाखवलं. तिथल्यांनी वरची आळी दाखवली. प्रत्येकजण तिला ओळखत होता, प्रत्येकाने तिला आजच पाहिलं होतं, आणि ती प्रत्येकाच्या शेजाऱ्याकडे राहत होती. वय विचारलं की मात्र सगळे थबकत. वरच्या आळीतली इर्मा म्हणाली, "माझ्या आईच्या लग्नात होती ना ती..." आणि मधेच थांबली. तिचा चेहरा उतरला. मग तिने दार लोटून घेतलं.

धुकं ओढ्यावरून वर येत होतं. बावीस घरं झाली होती. आता एकच उरलं होतं.

तिचं स्वतःचं.

धाकटी बहीण नोएमी टेबलावर सूपचे वाडगे मांडत होती. तीन वाडगे.

"तिसरा कुणाचा गं?"

"कुणाचा म्हणजे? ओतिलियाला काय उपाशी ठेवायचं?"

डेल्फिनाने खुर्चीची पाठ घट्ट धरली. "कुठे आहे ती?"

"वर, मागच्या खोलीत. आई होती तेव्हापासून तिथेच नाही का?" नोएमी जवळ आली. "ताई, तुला बरं वाटत नाहीये का?"

मागच्या खोलीत बटाटे होते. परवाच डेल्फिनाने तिथे दोन पोती रचली होती.

ती जिना चढली. दार ढकललं. उघडेना.

त्या दाराला आतून कडी नव्हती. बटाट्यांच्या खोलीला कोण कडी लावतं?

"आलीस? किती झाली गं शेवटी?"

बाईचा आवाज. मायेचा, अगदी जवळचा. फळीला ओठ टेकवून बोलल्यासारखा.

डेल्फिनाला एकोणपन्नास म्हणता आलं असतं. शब्द जिभेवर आलाही होता. खाली नोएमीचा चमचा वाडग्यावर वाजत होता. खिडकीबाहेर गावातले दिवे एकेक करून लागत होते.

"पन्नास," ती म्हणाली.

आत कुणीतरी सुटकेचा श्वास सोडला.

मग कडी सरकली.