बाटलीच्या तळाशी

त्या दुपारचे माझे काम साधे होते. विहिरीच्या पाण्यातील लोह काढण्यासाठी आमच्या विभागाने तयार केलेला फिल्टर एका घरी बसवायचा आणि फिल्टरमधून आलेले पाणी तपासून परतायचे. सोबत प्लंबर होता. एकावर एक रचलेली तीन पिंपे पाहून तो म्हणाला, "एवढं शिकून शेवटी उतरंडच रचलीत की, साहेब."

मला हसू आले नाही. ते घर मला ठाऊक होते.

तिथे सासू आणि सून रुग्णालयाच्या पांढऱ्या चादरी धुऊन देत. वर्षापूर्वी चादरींवर तांबूस डाग पडू लागले, तेव्हा सून पाण्याची बाटली घेऊन आमच्या प्रयोगशाळेत आली होती. बाटली तिने डागाळलेल्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळली होती. नंतर तिने त्या अभ्र्याची घडी घातली. शेवटचे टोक असे आत खोचले, की घडी आपोआप सुटू नये.

"डाग पाण्याचे की माझ्या हातांचे, एवढंच सांगा," ती म्हणाली होती.

अशा पाण्यातील लोह प्रथम दिसत नाही. पाणी नितळ असते. हवा लागली की हळूहळू गंज धरतो आणि तळाशी बसतो. म्हणून लोह विरघळलेलेच राहावे यासाठी नमुना हाती येताच त्यात आम्लाचे थेंब टाकायचे असतात. ते मी विसरलो. बाटली चार दिवस फडताळात राहिली आणि मी वरचेच नितळ पाणी ओतून तपासले. 'लोह मर्यादेत. पाणी वापरास योग्य.' खाली माझी सही.

अहवाल गेल्यावर बाटली विसळायला घेतली, तेव्हा तळाशी विटकरी थर दिसला. चूक त्याच क्षणी कळली. उद्या कळवू, असे ठरवले. उद्याचा परवा झाला. बाटली मात्र मी त्याच दिवशी घासून लख्ख केली.

मागच्या अंगणात विहीर होती. जिभेवर नाणे ठेवल्यासारखा ओल्या लोखंडाचा वास तिथे भरून राहिला होता. ऊन स्वच्छ होते. भिंतीपलीकडे कुणीतरी कपडे आपटत होते. धप्. जरा वेळाने पुन्हा, धप्.

"सूनबाई कामात आहेत वाटतं?" मी विचारले.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिले. "तिला जाऊन सात महिने झाले. रुग्णालयाचं कामही तेव्हाच सुटलं. आता इथं कुणी धुवत नाही."

प्लंबर पाना फिरवत होता. त्याला काही ऐकू येत असल्याचे दिसले नाही. धप्.

"थंडीत एकेक चादर तीन-तीनदा धुवायला लावली मी तिला," सासूबाई सावकाश म्हणाल्या. "पाणी चांगलं आहे, खोट तुझ्या हातात आहे, म्हणायचे. तुमचा कागद नाचवायचे तिच्यासमोर. मग छाती भरली तिची. तापातसुद्धा हात चोळत होती... डाग गेला का, विचारत होती."

पाणी पहिल्या पिंपात खडीवरून झिरपले, दुसऱ्यात निवळले, तिसऱ्यात वाळूतून गाळले जाऊन खाली आले. मी परीक्षानळीत रसायन टाकले. रंग आला नाही. पाण्यात लोह उरले नव्हते.

"घ्या मावशी, आता बिनधास्त धुवा," प्लंबर म्हणाला आणि हत्यारे आवरून गाडीकडे गेला.

सासूबाई माझ्या जवळ आल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "एक विचारू? तुमचा कागद नसता, तर मी तिला एक शब्द बोलले नसते. तेव्हा पाणी... खरंच चांगलं होतं ना?"

भिंतीपलीकडचा आवाज थांबला. तिकडेही कुणीतरी उत्तराची वाट पाहत होते.

म्हाताऱ्या जिवाला खरे सोसवणार नाही, असा एक सोयीचा विचार मनात आला. मी त्याचाच आधार घेतला.

"हो, मावशी. मधल्या काळात पाणी बदललं असेल."

पलीकडे ओला कपडा पिळला गेला. पाणी गळत राहिले. एका कपड्यातून गळेल त्याहून कितीतरी जास्त वेळ. निघताना मी भिंतीवरून वाकून पाहिले. धुण्याचा दगड कोरडा होता.

त्या आठवड्यात मी पत्र लिहिले. आम्ल, बाटली, तळाचा थर, सारे. आठ दिवसांनी ते परत आले. सोबत सासूबाईंची चिठ्ठी होती: "पाकीट कोरडं होतं, आतला कागद ओला. तांबूस डागांत सही तेवढी वाचता येते. काय लिहिलं होतं?"

दुसरे पत्र मी पेन्सिलीने लिहिले, प्लास्टिकच्या पिशवीत घालून पाठवले. समोर बसून सांगायला हवे, हे मला कळते. मी अजून गेलेलो नाही.

काल तेही परत आले. कागद पांढराशुभ्र. माझी सही सोडून एकही अक्षर नाही. घडी मात्र घट्ट होती, शेवटचे टोक आत खोचलेले. सोबतच्या चिठ्ठीत दोनच ओळी होत्या.

"मी पाकीट उघडलं तेव्हा कागद असाच होता. घडी मी घातलेली नाही."