कोपऱ्यातली बिननावाची पट्टी

मी थापाड्या माणूस आहे, हे आमच्या स्टॅनली गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. माशाची लांबी सांगताना माझे हात आपोआप लांब होतात.

ही गोष्ट मात्र मी हात खिशात घालून सांगतोय.

घडलेली आहे. माझ्या शेजारच्या घरात घडली. आणि तुम्हाला वाटेल तशी अमावास्येच्या मध्यरात्री नाही...

भर दुपारी.

मे महिन्यातल्या एका रविवारी, जेवून लोक पेंगत असतात त्या वेळी. कारण आमच्या टास्मानियात रविवारची दुपार असते तेव्हा अमेरिकेत शनिवारची रात्र असते. आणि केरिन पायबस ज्या ऑनलाइन खेळात लढायची, त्याचा सगळा कारभार अमेरिकेतल्या यंत्रावर चालायचा.

म्हणजे रात्र होतीच. फक्त ती दुसरीकडे होती.

केरिन धक्क्यावरच्या शेडमध्ये झिंगे खोक्यांत भरायच्या कामाला. आमचे झिंगे म्हणजे कोपरापासून बोटांपर्यंत... बरं, राहू दे. हात खिशात. तिचा धाकटा भाऊ टॉबिन त्याच झिंग्यांच्या बोटीवर. घरात तिसरी त्यांची आई, नोला.

कॉम्प्युटर एकच. त्याच्यापुढे खुर्ची नाही, मोडीत निघालेल्या बोटीतलं एक लाकडी बाक. दोघं त्यावर खेटून बसायची. उजवीकडे केरिन, हातात माउस. चालणं तिचं, हातोडा तिचा. डावीकडे टॉबिन, कीबोर्डवरच्या चार बटणांवर चार बोटं. औषधपाणी त्याचं.

खेळातला लढवय्या एकच, चालवणारी माणसं दोन. टास्मानियातल्या माणसाला दोन डोकी असतात, अशी चेष्टा समुद्रापलीकडच्या मोठ्या ऑस्ट्रेलियातले लोक आमची जन्मभर करत आलेत. टॉबिन म्हणाला, "म्हणतातच ना? मग घ्या!" आणि लढवय्याचं नाव ठेवलं दोनडोक्या.

दोनडोक्या धड योद्धा नव्हता, धड वैद्य नव्हता. त्यालाही कारण होतं. या खेळात माणूस माणसाशी लढतो. लढवय्याला मिळालेले सगळे गुण तलवारीत ओतले की तो एका दमात समोरच्याला कापतो. पण त्याला वेळ साधावी लागते, आणि आमच्याकडे वेळ नेहमी शिळी होऊन पोचते. इथून घातलेला घाव समुद्राखालच्या तारेतून तिकडे जाईपर्यंत समोरचा चहा पिऊन यायचा.

"अगं केझे, मार ना! झोपलीस का?" टॉबिन ओरडायचा. केरिनला तो केझ म्हणायचा.

"मारलंय रे! पोचायचंय अजून!"

म्हणून अर्धे गुण ताकदीत, अर्धे औषधात. जाड चिलखत. मार खायचा, जखम भरायची, पुन्हा मार खायचा. समोरचा दमला की मग हातोडा.

त्यात टॉबिनची एक खुबी होती. घाव दिसायच्या आधीच तो औषध दाबायचा. दिसल्यावर दाबलं तर उशीर झालेला असायचा.

आधी टक... मग घाव.

आणि एक खोडही होती. रंगात आला की डावा गुडघा हलवायचा, आणि गुडघ्याच्या धक्क्याने इंटरनेटची तार भिंतीतून निसटायची. जिंकत आलेल्या कितीतरी लढाया अशा गेल्या.

"टॉबिन! तार!"

"मी नाही. गुडघा."

नोव्हेंबरात त्याची बोट परत आली नाही.

बोट उलटी सापडली. दोन माणसं सापडली.

टॉबिन सापडला नाही.

नोलाने प्रार्थनासभा होऊ दिली नाही. "सापडला नाही म्हणजे गेला असं कोण म्हणतं?" ती रोज संध्याकाळी बाहेरचा दिवा लावायची. अजून लावते.

केरिनने कॉम्प्युटरवर चादर टाकली. ती निघाली एप्रिलमध्ये, हेमीच्या फोनमुळे.

हेमी खेळातल्या त्यांच्या टोळीचा म्होरक्या. तिकडच्या मूळच्या माओरी लोकांपैकी. न्यूझीलंडच्या पार दक्षिणेला, इन्व्हरकार्गिलला दुधाचा टँकर चालवतो. कान किटेपर्यंत बोलेल, पण मन लोण्याचं.

"केझ, वाईट बातमी. जो बरेच दिवस लढत नाही, त्याला खेळातून पुसून टाकतात. दोनडोक्याची पाळी आलीय."

पुसून टाकतात... हा शब्द तिला झोंबला. भावाचं दुसरं काय उरलं होतं?

ती बसली. बाकाच्या उजव्या अर्ध्यावरच बसली.

दोन्ही हातांनी लढून पाहिलं. हातोडा उचलला की औषध राहायचं, औषध दाबलं की हातोडा. लागोपाठ हरली.

"दोन डोक्यांचं काम एका डोक्याचं नाही," हेमी म्हणाला. "औषधाचे गुण काढून टाक आणि वाटणी घे. त्याला बटण लागत नाही."

वाटणी ही त्या खेळातली एक विद्या. तुम्हाला घाव बसला की आपोआप भरतो, पण लागेल तेवढं रक्त तुमच्याशी बांधलेल्या जोडीदाराच्या अंगातून येतं.

टॉबिनने ती कधी घेतली नव्हती. "आपण मार खायचा आणि दुसऱ्याने सुकायचं? छे, केझे. मला ते बघवणार नाही."

"मला बांध," हेमी म्हणाला. "मी मागे उभा राहून पाव खातो. माझं रक्त भरत राहील."

तिने चारही औषधं काढून टाकली. चारही बटणं मेली. वाटणीवर माउस दाबला. आता खेळ विचारणार, जोडीदार कोण?

विचारलंच नाही.

'जोडीदार बांधलेला आहे.'

आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात जोडीदाराचं रक्त दाखवणारी एक पट्टी उमटली. हिरवी. काठोकाठ भरलेली.

पट्टीवर नाव नव्हतं.

"हेमी, झाला का रे बांधून?"

"मी? मी अजून पावाला लोणी लावतोय. का गं?"

"काही नाही. यंत्राचा घोळ असेल."

तो एप्रिलमधला एक रविवार होता, आणि त्या दिवशी दोनडोक्या हरता हरेना. दोन तलवारी घेणारा आला, गेला. आग फेकणारा आला, तोही गेला. हेमी हेडफोनमध्ये नाचत होता, "अगं ए दोन डोक्यांच्या बाये, काय खाऊन बसलीस!"

केरिन हसत होती. कितीतरी दिवसांनी हसत होती. मग तिच्या लक्षात आलं...

टक.

मग घाव.

टक... मग घाव.

वाटलं, आपलंच बोट पडत असेल. तिने खाली पाहिलं.

तिच्या डाव्या हातात चहाचा मग होता.

लढाई संपताच ती उठली. बाकाचा डावा अर्धा ओला होता. बोट लावून जिभेवर टेकवलं.

खारट.

दारात नोला उभी होती, हातातलं फडकं तसंच. "टॉबिन आला का गं?"

"आई... नाही."

"मग कीबोर्डचा आवाज? मला कळत नाही का? दोघांच्या हातांचा येत होता."

केरिन स्क्रीनकडे वळली. तिने कोपऱ्यातली पट्टी पाहिली.

निम्मी झाली होती.

खेळात लढाई थांबली की सगळ्यांच्या पट्ट्या हळूहळू भरतात. ही भरली नाही. संध्याकाळी नाही. दुसऱ्या दिवशी नाही.

जेवढ्या लढाया ती हसत जिंकली होती, त्या सगळ्या कुणाच्या अंगातून गेल्या, ते आता तिला कळलं.

तिने वाटणी काढून टाकायला घेतली. खेळाने उत्तर दिलं... 'दोघांपैकी एक पडेपर्यंत ही गाठ सुटत नाही.'

मग औषध परत घेऊन पट्टी भरावी? पण औषधाचे गुण वाटणीत गेले होते, आणि वाटणी सुटत नव्हती.

तिने दोनडोक्याला खेळातल्या किल्ल्याच्या देवळात नेऊन उभं केलं. तिथे कुणाचंच हत्यार चालत नसे. कॉम्प्युटर बंद करायला गेली, तर ती चार मेलेली बटणं एकामागून एक वाजू लागली. टक टक टक टक... बुडणारा माणूस बोटीच्या बुडावर ठोकतो तशी.

तिने बंद केला नाही. तेव्हापासून तो चालूच आहे.

ती रोज कामावरून येऊन पट्टी पाही. तेवढीच असे. कमी नाही, जास्त नाही. समुद्रातही सापडला नाही, इथेही संपला नाही... यापुढचा विचार ती मनातही पुरा करत नसे.

आणि मग खेळवाल्यांचा निरोप आला. तिकडच्या येत्या शनिवारच्या रात्रीपासून सुरक्षित जागा बंद. देऊळ असो की बाजार, कुणीही कुणालाही कुठेही मारू शकेल.

"मला काय ते खरं सांग," हेमी म्हणाला. तिने सांगितलं.

"आमच्याकडे अशा गोष्टींवर हसत नाहीत," तो म्हणाला. "सगळी टोळी घेऊन देवळाच्या दाराशी उभा राहतो. आधी मला पाडावं लागेल."

मे महिन्यातला तो रविवार आला. आमच्याकडे मे म्हणजे थंडी, म्हणून डोंगरावर बिळं करून राहणारे समुद्रपक्षी उत्तरेला निघून गेले होते. बिळं रिकामी. वारासुद्धा पडलेला.

हरता न हरणाऱ्या दोनडोक्याचं नाव झालं होतं. त्याला पाडायला झुंडच आली.

हेमीची टोळी दारातच कापली गेली. "केझ, मी पडलो... माफ कर गं..." आणि हेडफोन शांत झाला.

पहिला घाव. पट्टी थोडी उतरली.

केरिनला एकच सुचलं. आपणच मरायचं. दोनडोक्या पडला की गाठ सुटेल, टॉबिन सुटेल. तिने चिलखत उतरवलं. ढाल टाकली. हातोडा टाकला. उघड्या अंगाने दोनडोक्याला झुंडीपुढे उभं केलं.

"मारा ना! मारा!"

त्यांनी मारलं.

प्रत्येक जखम भरली. लगेच भरली. वाटणी होती ना!

तिला मरताच येत नव्हतं. आधी तो संपल्याशिवाय नाही.

टक... घाव. टक... घाव.

"टॉबिन, हात काढ!" ती रिकाम्या जागेकडे बघून ओरडली. "दाबू नकोस! सोड मला!"

टक. टक. टक.

पट्टी बोटाएवढी राहिली. मग नखाएवढी. ती चार बटणं झाकायला तिने डावा पंजा कीबोर्डवर पसरला...

पंजाखाली बटणं नव्हती. दुसरी बोटं होती. गार. तिच्या पंजाखाली ती हलत होती, दाबत होती.

तिने हात काढला नाही.

समोरून एका तिरंदाजाने बाण सोडला. पट्टी दोऱ्याएवढी बारीक...

आणि चित्र थिजलं.

बाण हवेत. दोनडोक्या उभा. पट्टी दोऱ्याएवढी.

तिच्या हाताखाली आता फक्त बटणं होती.

ती वाट बघत राहिली. काही हललं नाही. 'संपर्क तुटला' असा निरोपही आला नाही. शेवटी ती वाकली आणि बाकाखाली डावीकडे पाहिलं.

तार भिंतीतून निघून जमिनीवर पडली होती. टोक ओलं होतं.

फोन वाजला. हेमी. "केझ, पडल्या पडल्या मी इकडून सगळं पाहिलंय. तो बाण..."

"सांगू नकोस."

"अगं पण..."

"हेमी, सांगू नकोस! माझ्याकडे अजून पोचायचंय ते."

तिने आजवर त्याला विचारलेलं नाही. त्यानेही कुणाला सांगितलेलं नाही. मी एकदा फोनवर खोदून पाहिलं, तर दुधाचा भाव सांगून त्याने फोन ठेवला.

चादर पुन्हा टाकलेली नाही. वीज गेली तर म्हणून बोटीची एक मोठी बॅटरी मीच नेऊन जोडून दिली. जन्मभर बोटींचे रेडिओ दुरुस्त केलेत, तेवढं येतं मला. जोडताना मान वळवली नाही. तरी डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलाच... हवेतला बाण, आणि खाली तो हिरवा दोरा.

परवा चहाला गेलो होतो. केरिन कामावर होती. नोलाने कप ठेवला आणि माझा हात धरला.

"तुला तारा जोडता येतात ना रे, म्हाताऱ्या?"

"येतात."

"मग ती तेवढी भिंतीत लाव. पोरगी मला लावू देत नाही. माझा टॉबिन पलीकडे अडकलाय. तार लागली की येईल."

तिला बाणाचं कुणी सांगितलेलं नाही. मी सांगणार होतो. तोंड उघडलं... पण 'सापडला नाही म्हणजे गेला असं कोण म्हणतं' म्हणणाऱ्या बाईला काय सांगायचं? लावली तर काय होईल, आणि नाही लावली तर तो तिथे किती दिवस तसाच राहील? मला माहीत नाही. तुम्हाला माहीत असेल तर सांगा.

मी हात सोडवून कप उचलला. पलीकडच्या बाकावर कुणी नव्हतं.

टक.

नोला माझ्याकडे बघून हसली. "बघ. बोलावतोय."

तार भिंतीपासून वीतभर अंतरावर पडली होती. वाकलो असतो तर झालं असतं.

म्हणून सुरुवातीलाच म्हणालो ना... त्या दिवसापासून मी हात खिशातच घालून बसतो.