चारशे पासष्ट गेले कुठे?

"साडेतीन वाजले! अर्ध्या तासात दुरुस्तीवाले काका येणार आणि कॉम्प्युटर उचलून नेणार!" रेडिओ दारातूनच ओरडला.

रेडिओ म्हणजे चिमीचा आतेभाऊ. सुट्टीत आपल्या आईबरोबर राहायला आला होता, आणि आल्या दिवसापासून त्याचं तोंड एकदाही बंद झालं नव्हतं. नाव उगीच पडलं नव्हतं! शेजारी राहणारी चिमीची मैत्रीण मास्तरीण (हेही टोपणनावच) त्याच्या अगदी उलट. ती कामापुरतंच बोलायची. पण समोरचा चुकला, की त्याला दुरुस्त केल्याशिवाय तिला चैन पडायची नाही.

"अर्धा तास नाही, अठ्ठावीस मिनिटं," मास्तरीण म्हणाली.

चिमी आईच्या खुर्चीत बसून होती. आईला जाऊन सात महिने झाले होते. आई अंध मुलांच्या शाळेसाठी पुस्तकं वाचायची आणि याच खोलीत, याच कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायची. मागच्या आठवड्यात तो सुरूच होईना, म्हणून बाबांनी दुरुस्तीला दिला. परत आला तो कोरा करकरीत! दुरुस्तीवाले काका म्हणाले, "जुनं सगळं गेलं हो, साहेब." बाबा नुसते "बरं" म्हणाले. हल्ली ते सगळ्यालाच "बरं" म्हणायचे.

शाळेने आईचे धडे पाठवून दिले होते. चिमीने ते ऐकलेही. पण त्यात आई एकेक शब्द तोलून मापून वाचायची. तो आवाज कुणाही चांगल्या बाईंचा असू शकला असता. "चिमे!" म्हणून हाक मारणारा आवाज त्यात नव्हता. आणि चिमीने कुणालाच न सांगितलेली गोष्ट अशी, की तिला तो आवाज आठवेनासा झाला होता. रात्री डोळे घट्ट मिटून आठवायला जावं, तर आईचे ओठ हललेले दिसायचे, ऐकू मात्र काहीच यायचं नाही. या गोष्टीची तिला फार भीती वाटायची.

"हे बघ," मास्तरीण पडद्यावर बोट टेकवत म्हणाली, "खोक्यावर लिहिलंय, एक हजार जीबी. इथे दिसतात चारशे सहासष्ट. बाकीची जागा गेली कुठे?"

"बाबांनी विचारलं होतं," चिमी म्हणाली. "काका म्हणाले, जागा नेहमीच कमी दिसते. आता पूर्ण डिस्क नव्याने साफ करून देणार आहेत, म्हणून तर नेतायत."

"कमी दिसते हे खरं. बनवणारे हजाराच्या मापाने मोजतात आणि कॉम्प्युटर मोजतो एक हजार चोवीसच्या. माप मोठं, की आकडा लहान."

"म्हणजे हे टेबल माझ्या वितीने नऊ आणि मामाच्या वितीने सात! टेबल तेवढंच!" रेडिओने टेबल मोजूनच दाखवलं.

"बरोबर. पण म्हणून काय निम्मं व्हावं? आमच्या घरी अशीच हजाराची डिस्क आहे. रेडिओ, पळ! माझ्या दादाला विचार, तिकडे किती दिसतात."

रेडिओ चपला न घालताच सुटला. परत आला तेव्हा त्याला धाप लागली होती. "नऊशे एकतीस! दादाने दोनदा वाचून दाखवलं!"

"म्हणजे मापामुळे गेले एकोणसत्तर," मास्तरीण हळूच म्हणाली. "आपले त्याशिवाय आणखी चारशे पासष्ट गायब आहेत, जवळजवळ जेवढे दिसतायत तेवढेच. चिमे, ही जागा कमी नाहीये. कुणीतरी झाकून ठेवलीये!"

इतक्यात दाराची घंटा वाजली.

दुरुस्तीवाले काका आले ते घाईतच. खांद्यावर पिशवी, कानाला फोन, मागून बाबा. "चला, बाजूला व्हा बघू," म्हणत त्यांनी वाकून थेट वायरला हात घातला.

"नाही न्यायचा!" चिमी खुर्चीवरून उडी मारून कॉम्प्युटरला चिकटली. "आधी सांगा, चारशे पासष्ट गेले कुठे?"

"चिमे, असं बोलतात का मोठ्यांशी?" आतून आत्या धावत आली.

"अगं बाळा, जागा नेहमीच थोडी कमी..."

"थोडी म्हणजे एकोणसत्तर, काका," मास्तरणीने चष्मा वर सरकवला. "निम्मी नाही. तुम्ही डिस्कचे भाग दाखवणारी खिडकी एकदा उघडा. आम्ही हात लावणार नाही. फक्त उघडा."

काकांनी बाबांकडे पाहिलं. बाबा चिमीकडे बघत होते. या वेळी ते "बरं" म्हणाले नाहीत. "उघडा," ते म्हणाले.

काकांनी फोन खिशात टाकला आणि खिडकी उघडली. पडद्यावर दोन पट्ट्या दिसल्या, सारख्याच लांबीच्या. पहिलीवर कप्प्याचं नाव म्हणून C हे अक्षर होतं. दुसरीवर काहीच नव्हतं.

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. "अरे देवा! माझीच सवय... नवीन सिस्टीम टाकताना चुकून दुसरा भाग पुसला जाऊ नये, म्हणून मी त्याचं अक्षर काढून ठेवतो. अक्षर नसलं की तो कुठे दिसतच नाही. काम झालं की परत लावायचं. तेवढंच राहिलं, आणि मी विसरून 'सगळं गेलं' म्हणून बसलो."

"आणि आज तो पुसणार होतात!" रेडिओ किंचाळला.

काकांनी दुसऱ्या पट्टीला अक्षर दिलं. एक नवा कप्पा उघडला, आणि त्यात आईने नाव दिलेलं एकच फोल्डर होतं: 'वाया गेलेले'.

"रेकॉर्डिंग करताना मध्येच कुणी आलं, की तेवढा तुकडा ती कापून काढायची," बाबा म्हणाले. "मला वाटायचं, फेकून देते."

तीनशे बारा तुकडे होते! चिमीने पहिल्यावर बोट दाबलं.

"...आणि या नदीच्या दोन्ही तीरांवर... चिमे! अगं, दार वाजवून यावं, किती वेळा सांगू? माझं अख्खं पान वाया गेलं! ...काय झालं? रडतेस कशाला? गुडघा? बघू. अगं, एवढंसंच आहे. ये इकडे, बस." मग फुंकर मारल्याचा आवाज आला. तो बराच वेळ येत राहिला.

मग आत्याने तिघांनाही जवळ ओढलं. "शाबास रे माझ्या वाघांनो! आम्हा मोठ्यांना नाही सुचलं ते तुम्ही केलंत!" काकांनी खरोखरच कान पकडले. "पोरांनो, तुम्ही नसता तर मी हे घालवून बसलो असतो," ते म्हणाले. बाबांनी चिमीच्या डोक्यावर हात ठेवला. "शोधून काढलंस गं तू."

चिमीला हसायचं होतं. पण तिला रडूच फुटलं, असं की थांबेचना. सगळी दुपार शोध चालू होता. धावपळ होती, आकडे होते, आणि कुठेतरी आत तिला वाटत राहिलं होतं, की हा शोध संपला की आई घरात असेल.

"बाबा," ती हुंदके देत म्हणाली, "पण आई नाहीच सापडली."

बाबा आईच्या खुर्चीत बसले, एवढ्या मोठ्या मुलीला त्यांनी मांडीवर घेतलं, आणि दुसरा तुकडा लावला.